झेंडूच्या हारामागचा दिवा

मिलिंद, काल तुझ्या शोकसभेत मी चहाबद्दल बोललो.

तू टपरीवरून चहाचा कप हातात घेऊन सर्व्हरच्या खोलीकडे कसा धावायचास आणि तो कप तिथल्या खिडकीतच कसा विसरायचास, हे सांगितलं. संध्याकाळी शांताबाई खोली पुसायला आली की खिडकीतले गार झालेले कप गोळा करून तुझ्या टेबलावर ओळीने मांडायची, तेही सांगितलं. लोक हसले. शोकसभेत लोकांना थोडं हसवलं की बोलणारा चांगला बोलला असं समजतात. मी खाली बसलो तेव्हा शेजारच्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात मला झटकून टाकावासा वाटला.

कारण माझ्या आधी आपल्या पतसंस्थेचे एक जुने संचालक बोलले होते. मनापासून बोलले. माणूस सोन्यासारखा होता म्हणाले, आणि मग त्याच गोड आवाजात म्हणाले, "एक ती सर्व्हरची हयगय सोडली, तर बोट ठेवायला जागा नाही." तुझी लेक प्रज्ञा पहिल्या रांगेत बसली होती. पदराच्या टोकाशी तिचा चाळा चालला होता, तो थांबला. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. माइक माझ्या हातात आला. आणि मी चहाबद्दल बोललो.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून आलो. घरात केवढे दिवे असतात रे. इन्व्हर्टरचा, टीव्हीचा, इंटरनेटच्या डबीचा. इतकी वर्षं त्यांच्याकडे लक्ष जात नव्हतं. कालपासून मी प्रत्येकासमोर जाऊन उभा राहतो. ही म्हणते, डोळ्यांचा डॉक्टर गाठा. डोळे चांगले आहेत माझे. तेव्हाही चांगले होते. तेच तर सांगायचं आहे.

यवतमाळच्या मुख्य शाखेत मी व्यवस्थापक होतो आणि तू संगणक विभाग. विभाग म्हणजे तू एकटा. तू कळंबहून एसटीने यायचास, आणि सकाळची गाडी वेळेवर येण्यापेक्षा न येण्यासाठीच प्रसिद्ध होती. खोलीची किल्ली माझ्याकडे. म्हणून तू ठरवलंस की सकाळी कुलूप उघडल्यावर पहिल्यांदा सर्व्हरचे दिवे मी बघायचे आणि तू येईपर्यंत काही वेगळं दिसलं तर तुला फोन करायचा. मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतं. तू म्हणालास, "कापूस ओला का वाळला हे तुमाले हात लावून समजते नं भाऊ? मंग हे तर नुसतं पाहाचं हाय."

चारचौघांत तू मला साहेब म्हणायचास. त्या खोलीत मी भाऊ असायचो.

दोन काळ्या यंत्रांपुढे आपण उकिडवे बसलो होतो. एक जुनं, एक नवं, एकावर एक आडवी ठेवलेली, तोंडाकडून अगदी सारखी. सगळ्या शाखांचे हिशेब त्यातल्या वरच्यात होते. तू पट्टीवरच्या एकेका खुणेवर बोट ठेवत गेलास. बटणातला हिरवा दिवा म्हणजे यंत्र चालू आहे, बस. त्यावर भरवसा ठेवायचा नाही, कारण तो फक्त जीव आहे एवढंच सांगतो, तब्येत सांगत नाही. तब्येतीचा दिवा त्याच्या खालचा, हृदयाच्या खुणेचा. त्याच्याही खाली डिस्कचे बारके दिवे, ते लुकलुकत असले म्हणजे लिहिणं-वाचणं सुरू आहे. डिस्क दोन, आणि दोन्हींवर तेच लिहिलेलं. एक बसली तरी दुसरी काम ओढते, बाहेर कोणाला पत्ता लागत नाही.

"पत्ता लागत नाही हेच वाईट हाय," तू म्हणालास. "म्हनून हा दिवा. झेंडूच्या रंगाचा दिसला का मले फोन करा. मी लग्नात असो का मयतीत."

मी म्हटलं, पिवळा म्हण की सरळ. तू म्हणालास, पिवळा म्हटलं तर तुम्ही हळदीचा धराल. हळदीचा नाही, झेंडूचा. यावरून आपण कितीतरी वर्षं भांडलो. नागपूरहून इंजिनिअर यायचा तो अंबर म्हणायचा, आणि मी त्याला मुद्दाम विचारायचो, अंबर म्हणजे पिवळाच ना? तो बिचारा दोघांच्या तोंडाकडे बघायचा. तो वाद तसाच राहिला. तू हरला नाहीस एवढं आज लिहून ठेवतो. झेंडूचाच होता.

चालू-बंदच्या बटणावर तू खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं पारदर्शक झाकण चिकटपट्टीने बसवलं होतंस. शांताबाईचा फडका लागू नये म्हणून, असं तू सगळ्यांना सांगायचास. मला एकट्याला खरं सांगितलंस की ते माझ्यासाठी आहे. हलकेच दाबलं तर यंत्र आपलं काम आवरून बंद होतं, आणि दाबून धरलं तर जिथल्या तिथे त्याचा श्वास तुटतो. आणि भाऊ, तुमाले कोणतंच बटण हलकेच दाबता येत नाही, असं म्हणालास. लिफ्टचं बटणसुद्धा मी अंगठ्याने दाबतो, हे तू पाहिलं होतंस.

निळ्या दिव्याची गोष्ट तू लोकांना किती वेळा सांगितलीस. एका सकाळी खालच्या यंत्रावर निळा दिवा लागलेला दिसला. हिरवा माहीत, झेंडूचा माहीत, निळा कोणी शिकवला नव्हता. तू केळापूरला मावसभावाच्या लग्नात होतास. मी फोन केला आणि आवाज असा काढला की तू लग्न लागायच्या आधीच जीप पकडलीस. आलास, यंत्रापुढे बसलास आणि भिंतीला टेकून हसत सुटलास. धूळ पुसताना बटण मीच दाबलं होतं.

"हा रोग नाही भाऊ. यानं नुसता हात वर केलाय."

मग समजावून सांगितलंस. दोन्ही यंत्रं सारखी. मागच्या बाजूला गेलं की कोणतं कोणतं ते कळत नाही. म्हणून पुढून हे बटण दाबायचं, की त्याच यंत्राचा मागचाही दिवा निळा होतो. मागे वायर काढायला गेलेल्याला समजतं की ज्याच्यासाठी आलो तो हा. हा दिवा चांगलं सांगत नाही, वाईटही सांगत नाही. पण तो लावला नाही तर चुकीच्या यंत्राची वायर निघते. तू पुन्हा बटण दाबलंस, निळा गेला. लग्नाचं जेवण बुडालं म्हणून मी तुला आर्णी रोडला नेऊन सावजी खाऊ घातलं. तिखटाने डोळ्यांतून पाणी काढत तू पुन्हा हसलास.

आता मी दसऱ्यावर येतो. इतका वेळ इकडेतिकडे फिरलो, ते इथे यायला पाय उचलत नव्हते म्हणून.

दसऱ्याला आपल्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा. नोटा मोजायचं यंत्र, झेरॉक्स, माझी मोटरसायकल, आणि सर्व्हर. त्या दिवशी तू कधीच नसायचास. दरवर्षी घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचास, आणि येताना पुस्तकं आणायचास. पूजा मी करायचो. हळदकुंकू कागदाच्या चिटोऱ्यावर लावायचं, यंत्राला नाही, एवढी तुझी अट मी पाळायचो. पण हार यंत्राच्या तोंडावरच घालायचो. दुसऱ्या दिवशी तू यायचास, हार अलगद काढायचास, पिशवीत घालून अंगणातल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवायचास. यंत्र पुढूनच हवा घेतं, आणि दिवे दिसले पाहिजेत. कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. वर्षानुवर्षं कोणाला वाटलंही नाही.

एका वर्षी तू हार काढताना कालचे ते संचालक दारात उभे होते. ते तुला काही बोलले नाहीत. माझ्या केबिनमध्ये येऊन बोलले. याला आपल्या पूजेचं वावडं आहे का, असं विचारलं, हसत. मी तेव्हाच सांगायला हवं होतं की हवा अडते, दिवे झाकले जातात, तो त्याचं काम करतो. मीही हसलो.

त्याच्या पुढच्या दसऱ्याला मी तुला आधीच केबिनमध्ये बोलावलं. या वेळी हार तू काढू नकोस म्हटलं. वाळला की शिपाई काढेल. तू काढलास तर वेगळा अर्थ निघतो.

तुझा चेहरा मला अजून दिसतो. रागावला नव्हतास. जिथे हात टेकायची सवय होती तिथून कोणी टेबल सरकवावं, तसा दिसत होतास.

"अर्थ काढनाऱ्यायचं मी पाहून घेईन भाऊ," तू म्हणालास. "मशीनचं कोण पाहीन?"

मी पाहीन म्हटलं. रोज सकाळी हार उचलून दिवे पाहीन. तू मान हलवलीस आणि दोनदा विचारलंस, उचलून पाहाल ना? दारातून नाही ना? मी म्हटलं, अरे मी काय लहान आहे का.

दसरा झाला आणि पांढरकवड्याच्या शाखेचे संगणक जोडायला मीच तुला आठवडाभर तिकडे पाठवलं. रात्री घरी जायच्या आधी सगळ्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायचं कामही त्या आठवड्यात माझ्याकडे आलं, आणि ते मी तू आल्यावर होईल म्हणून ठेवून दिलं. रोज फोनवर तू विचारायचास, पाहिलं का भाऊ? मी पाहिलं म्हणायचो. पहिल्या दिवशी खरंच पाहिलं होतं. नंतर गर्दी असायची, सणाच्या सुट्ट्यांनंतरची. मी दार उघडायचो, पंख्यांचा आवाज ऐकायचो, बटणातला हिरवा हाराच्या वर दिसायचा, पुरे वाटायचं. ज्यावर भरवसा ठेवू नका म्हणून तू बजावलं होतंस, नेमका तोच.

मिलिंद, पुढचं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. एका सकाळी दारातून पाहिलं तेव्हा हाराच्या खाली, फुलांच्या फटीत, काहीतरी उजळ दिसलं. पिवळं म्हण, झेंडूचं म्हण. फुलं तोवर कोमेजून तपकिरी व्हायला लागली होती आणि हे मात्र ताजं होतं. ते माझ्या ध्यानात आलं. मी दारातच थांबलो. बाहेरून कोणीतरी साहेब म्हणून हाक मारली. फूल असेल, असं मी स्वतःला म्हणालो आणि दार ओढून घेतलं. खोलीच्या आत चार पावलं टाकायची होती फक्त.

तू परत येण्याच्या आदल्या दिवशी दुसरीही डिस्क बसली. पडदे काळे झाले. खिडकीवर म्हाताऱ्या बाया पासबुकं छातीशी धरून उभ्या, आणि त्यांचं खातंच दिसेना. इंजिनिअरने येऊन पहिल्यांदा हार काढून बाजूला ठेवला, आणि शांताबाईने तो झाडून नेला. दसऱ्यापासूनच्या सगळ्या नोंदी पावत्या बघून पुन्हा भराव्या लागल्या. तू रात्रंदिवस तिथेच. मी तुझ्यासाठी घरून डबा आणायचो. तू माझ्या डब्यातलं वांगं खायचास आणि माझ्याकडे बघायचास. विचारलं नाहीस.

चौकशीला बसलेल्यांनी मला एकच विचारलं, सर्व्हर कोणाच्या ताब्यात? मी म्हटलं, मिलिंदच्या. ते खरंच होतं. खोटं बोलायची मला गरजच पडली नाही, यामुळेच ते इतकी वर्षं पचलं. हाराबद्दल कोणी विचारलं नाही. तू भिंतीशी उभा होतास. हार का काढला नाही हे तू सांगितलं असतंस, तर मी काय बोललो होतो ते बाहेर आलं असतं, आणि ते संचालकही तिथेच बसले होते. तू म्हणालास, "दिवा पाह्यला गेला नाही, जी." कोणी पाहिला नाही ते सांगितलं नाहीस. त्यांनी ते तुझ्या नावावर लिहिलं.

संगणकाची खोली तुझ्याकडून काढून घेतली. तुला पांढरकवड्याला पासबुकं भरायच्या खिडकीवर बसवलं. बदलीच्या कागदावर सही माझी होती. माझ्या निवृत्तीला थोडंच राहिलं होतं, ती बिनडागाची व्हावी असं वाटत होतं. मनाशी म्हणायचो की मी तुझंच रक्षण केलं, नाहीतर पूजेचा विषय निघाला असता, तुला त्रास झाला असता. आज म्हातारपणी हे वाक्य उलटसुलट करून पाहतो. त्रास मला होणार होता. त्या केबिनमध्ये ज्या हसण्यात मी हसलो होतो, त्याचा हिशेब द्यावा लागणार होता.

तू मात्र माझ्याशी बोलणं सोडलं नाहीस. सोडलं असतंस तर मला कदाचित झोप लागली असती. बुद्धपौर्णिमेला तुझ्याकडून खीर यायची, डबा परत करताना ही त्यात तिळाचे लाडू घालायची. घरातली कोणतीही डबी बंद पडली की तू यायचास. मागच्या खेपेला इंटरनेट गेलं म्हणून आलास. खुर्ची ओढून मला शेजारी बसवलंस आणि त्याचेही दिवे शिकवायला लागलास, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. मी म्हटलं, मिलिंद, त्या दसऱ्याचं... तू स्क्रू फिरवायचा थांबलास. मान वर केली नाहीस, फक्त थांबलास. इतक्यात ही पोहे घेऊन आली. तू म्हणालास, वहिनी, तर्री कमी का आज? निघताना दारात चपला घातल्यास आणि घातल्यावरही उभा राहिलास.

"बोला नं भाऊ."

मी म्हटलं, ऊन वाढलं, नीघ आता.

हेच माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं.

आज सकाळी मी एसटीने कळंबला गेलो. स्टँडवर उतरल्यावर पाय आधी चिंतामणीच्या देवळाकडे वळले. सवय. देवळाच्या वाटेवर हारांची दुकानं आहेत, तिथूनच मागे फिरलो. प्रज्ञा घरी होती. तिला सगळं सांगितलं, केबिनपासून. हाराचं तिला ठाऊक होतं, तू सांगितलं होतंस. तुझा समज असा होता की भाऊंनी कामाच्या गर्दीत हार उचललाच नसेल. मग मी फुलांच्या फटीतलं सांगितलं.

"मंजे तुमाले दिसला होता?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. ती उठून आत गेली. पाण्याचा पेला घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला, आणि उभ्यानेच म्हणाली, "मले सांगून काय होते, काका? जिथं बाबाले हयगय म्हनलं, तिथं सांगा."

मी पाणी प्यायलो. ती दारापर्यंत आली नाही. यावी अशी माझी अपेक्षाही नव्हती.

पतसंस्थेने यंदाच्या अहवालासाठी तुझ्यावर लिहून मागितलं आहे. ते पान हेच. आताच्या व्यवस्थापकाला दुपारी फोनवर सांगितलं की यातलं काही गाळायचं नाही, आणि वार्षिक सभेत मी ते स्वतः उभा राहून वाचणार आहे. तो म्हणाला, साहेब, आता कशाला, माणूस गेला. मी म्हटलं, माणूस गेला, त्याच्या नावावर लिहिलेलं तिथेच आहे. न छापलं तरी मी वाचणार. संचालक पुढच्या रांगेत असतील, त्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने. त्यांच्यावर ढकलायला नाही. केबिनमध्ये येऊन त्यांनी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तेव्हाही माझ्याकडे होतं.

प्रज्ञाला यायचं निमंत्रण दिलेलं नाही. ती येईल का माहीत नाही. तिची खुर्ची मात्र ठेवायला सांगितली आहे.

मिलिंद, चौकशीच्या दिवशी मागच्या बाजूला सगळं सारखंच दिसत होतं आणि चुकीच्या यंत्राची वायर निघाली. पुढे मी बसलो होतो, बटण माझ्या हाताशी होतं. ते दाबायला मला इतकी वर्षं लागली. आता दाबलं आहे, नेहमीसारखंच अंगठ्याने, जोर लावून. हार मी घातला होता. तू काढू नकोस असं मी सांगितलं होतं. दिवा मी पाहिला होता.

निळा दिवा घालवायला तेच बटण पुन्हा दाबावं लागतं, हे तूच शिकवलंस. ते मी पुन्हा दाबणार नाही; हात मागे घेतला आहे.